सिनेमातले सर

दसरा उलटला की आमचं गाव खोकायला लागतं. शेताशेतांत सोयाबीनच्या गंज्या रचलेल्या असतात, मळणीचे हडंबे दिवसभर घरघरत असतात, आणि त्यांतून उडणारा भुसा दोरीवरच्या कपड्यांत, पाण्याच्या माठात, झाकून ठेवलेल्या भाकरीतसुद्धा शिरतो. मी जन्मभर आरोग्यसेविकेची नोकरी केली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण लोकांच्या लेखी मी अजून ड्युटीवरच आहे. सकाळी दार उघडावं तर ओट्यावर दोघीतिघी खोकत बसलेल्या. "कमलबाई, गोयी द्या ना वं एखांदी." मी सांगते, गोळीनं काही होत नाही, तोंडाला रुमाल बांधा. रुमाल कुणी बांधत नाही. गोळी मात्र घेऊन जातात.

यंदा खोकल्याच्या जोडीला दुसरी एक साथ आली आहे. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये एकच गाणं. सोयाबीन सोंगायला, कापायला निघालेल्या बायकांच्या टोळीत तेच, हडंब्यावर तेच, रिसोडला जाणाऱ्या जीपमध्ये तेच. गाण्यात कापसाचं शेत आहे, दोन वेण्या घातलेली एक मुलगी आहे आणि सायकल धरून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असलेला एक देखणा मास्तर आहे. ती मुलगी म्हणजे आमची वच्छी. आमच्या गावची, आमच्या बौद्ध वस्तीतली, शाळेत माझ्या बाकावर बसणारी, आणि पुढे मोठी कादंबरीकार झालेली. उभा महाराष्ट्र तिला वत्सलाताई म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता तिच्या तरुणपणावर सिनेमा निघाला आहे, आणि तो प्रेमाचा आहे. त्यातला मास्तर म्हणजे आम्हाला दहावीला मराठी शिकवणारे सर.

सरांनी वच्छीवर कधी प्रेम केलं नाही. त्यांनी केलं ते वेगळंच, आणि ते मुळापासून सांगू शकेल असं एकच माणूस आता जिवंत आहे. ते माणूस ओट्यावर बसून खोकल्याच्या गोळ्या वाटतं.

आमच्या लहानपणी इकडे सोयाबीन नव्हतं. दसऱ्यानंतर शिवार पांढरं व्हायचं ते पऱ्हाटीच्या कापसानं. पहिल्या वेचणीच्या दिवशी मालकीण शेताच्या कोपऱ्यात सात दगड मांडायची आणि त्यांना दहीभाताचा नैवेद्य दाखवायची. त्याला सीतादही म्हणायचे. आम्ही वस्तीतल्या बायका-पोरी थोड्या लांब उभ्या राहून ते संपायची वाट बघायचो. मग प्रसादाचा घास आमच्या तळहातावर वरून पडायचा, आणि कापूस भरायच्या ओट्या कमरेला बांधून आम्ही आपापली पात, आपापली ओळ धरायचो. सिनेमात कापूस फुलासारखा अलगद हातात येतो. खऱ्या बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी घुसतात. रोज नवी चीर पडते, आणि रात्रीच्या कोरड्यासात, तिखट कालवणात हात घातला की त्या चिरेची आठवण होते. त्या दिवसांत वस्तीतली एकही बाई तिखट कालवताना हातानं कालवायची नाही.

उन्हं चढली की तहान लागायची. मालकीण कळशी घेऊन यायची. आम्ही ओंजळ धरायची, तिनं हातभर उंचीवरून ओतायचं. पाणी तोंडात जायचं त्याहून जास्त कोपरापर्यंत वाहायचं, बाही भिजायची, आणि त्या वाऱ्यात दिवसभर ओली राहायची. मालकीण काही वाईट बोलायची नाही. उलट "पुरे का वं? अजून घे," असं म्हणायची. स्वभावानं गरीब होती बिचारी, नवीनच लग्न होऊन आलेली, आमच्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठी. तिला सासूनं जसं शिकवलं तसं ती ओतायची.

ते शेत सरांचं होतं. मालकीण सरांची बायको होती.

सर वाईट शिकवत नव्हते, हेही सांगायला पाहिजे. कविता शिकवताना डोळे मिटायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वर्गातल्या निम्म्या पोरी त्यांच्यावर जीव टाकून होत्या, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मीही होते. वच्छी नव्हती. वच्छी म्हणायची, "डोये मिटले की आपण दिसत नाही ना त्यायले, म्हणून मिटतात." तिची जीभ तेव्हापासून अशीच होती.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी निबंध दिला होता, 'माझा आवडता ऋतू'. आम्ही सगळ्यांनी पावसाळा लिहिला. मोर, ढग, इंद्रधनुष्य, कागदाच्या होड्या. माझ्या निबंधात तर बेडूकही होता. वच्छीनं कापूस वेचायचा ऋतू लिहिला. तो ऋतू आहे हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, पण आम्हाला तेवढेच ऋतू होते. वेचणीचा, निंदणाचा आणि हाताला काम नसण्याचा. तिच्याकडे लिहायला घरी ना जागा ना निवांतपणा. दुपारी भाकर खाऊन झाली की धुऱ्यावरच्या बाभळीखाली ती म्हणायची, "कमळे, वाक बरं जराशी." मी गुडघ्यात डोकं घालून वाकायची आणि ती माझ्या पाठीवर वही ठेवून लिहायची. चार दुपारी तिनं तो निबंध माझ्या पाठीवर लिहिला. खोडताना ती जोरात खोडायची. पोलक्यातून टाक टोचायचा. मी म्हणायची, "झालं का वं?" ती म्हणायची, "हालू नोको, पानी ओतून राह्यली मी आता." म्हणजे निबंधात ती पाण्यापर्यंत आली होती.

सुट्टी संपली, वह्या गोळा झाल्या. त्याच आठवड्यात बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे होते. वच्छीला परीक्षेला बसायचं होतं, एवढंच तिला आयुष्यात हवं होतं तेव्हा. तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं, दहावी काढली तर पुढचं बघू, नाही तर फाल्गुनात हळद. सही झाल्याशिवाय फॉर्म जायचा नाही, आणि सही वर्गशिक्षकाची, म्हणजे सरांची.

त्या दिवशी सरांनी वच्छीची वही उघडली. सुरुवात त्यांना आवडली असावी, कारण ती त्यांनी मोठ्यानं वाचली. 'मला कापूस वेचायचा ऋतू आवडतो, कारण या दिवसांत माझी आई रडत नाही. तिला वेळ नसतो.' पोरं हसली. सरही हसले. पुढं वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला, मग नुसते ओठ हलायला लागले, मग तेही थांबले. पाण्याचा भाग आला होता. वच्छीनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. 'नवी मालकीण कळशी इतकी उंच धरते की तिचाच हात दुखत असेल,' एवढंच लिहिलं होतं.

"हे कुणी लिहून दिलं तुला?"

"म्याच लिवलं, सर."

"खोटं बोलू नकोस. हे तुझ्या वयाचं लिहिणं नाही."

"म्याच लिवलं."

सर माझ्याकडे वळले. "कमल, तू हिच्याबरोबर असतेस. हिला हे लिहिताना तू पाहिलंस का?"

त्यांच्या टेबलावर फॉर्मचा गठ्ठा होता आणि त्यात माझाही होता. मी उभी राहिले. माझं डोकं त्या वेळी जितकं भराभर चाललं तितकं पुढं नोकरीत कुठल्या अडलेल्या बाळंतपणातही चाललं नाही. मी पाहिलं नव्हतं. मी वाकलेली होते, वही पाठीवर होती. पाहणार कशी?

"नाही सर," मी म्हटलं, "म्या पाह्यलं नाही."

वच्छीनं माझ्याकडे मान वळवली. रागानं नव्हे, नुसतं बघितलं. मग ती समोर बघायला लागली. सरांनी सांगितलं, निबंध दुसऱ्याचा चोरला असं लिहून दे, बापाला घेऊन ये, माफी माग, मगच फॉर्मवर सही. वच्छीनं लिहून दिलं नाही. तिच्या बापाला ती अडून बसली हेच कळलं, कशावरून ते कळलं नाही, आणि विचारायला तो काही शाळेची पायरी चढला नाही. शेवटची तारीख गेली. माझा फॉर्म गेला.

मार्चमध्ये मी मराठीचा पेपर लिहीत होते तेव्हा तिला हळद लागत होती. पेपरात निबंध आला होता ऋतूवरच. मी पावसाळा लिहिला. बेडूक या वेळीही घातला. पास झाले, नर्सिंगला लागले, नोकरी लागली, वस्तीत पहिलं स्लॅबचं घर माझं झालं. लोक म्हणतात कमलबाईनं नशीब काढलं. मी त्यांना चहा टाकते.

वच्छी नागपूरला गेली. नवरा पिणारा निघाला. तिनं घरकामं केली, दोन पोरींपैकी एक गमावली, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बाहेरून दहावी दिली. मग लिहायला लागली. तिच्या सातही कादंबऱ्या माझ्याकडे आहेत. पहिली आली तेव्हा मी ड्युटीवरून येऊन हातपाय न धुता वाचायला बसले होते. लोक तिची पुस्तकं गोष्टीसाठी वाचतात. मी स्वतःला शोधत वाचते. कुठं तरी एखादी घाबरट पोरगी असेल, एखादी दगाबाज मैत्रीण असेल, निदान एखादी बाकावर बसणारी बिननावाची तरी असेल. नागपूरची सगळी वस्ती तिच्या पुस्तकांत आहे. मोलकरणी, दारुडे, भंगारवाला, एक लंगडं कुत्रंसुद्धा आहे. मी नाही. शाळाही नाही, सरही नाहीत, पाणीही नाही. आत्मचरित्र लिहिलं तेव्हा मला वाटलं, आता काही सुटका नाही. चार दिवस पुस्तक घरात पडून होतं, उघडायचा धीर होईना. त्यात आमच्या गावाची अकरा पानं आहेत आणि शाळेवर एकच वाक्य. 'दहावीच्या परीक्षेला मी बसले नाही.' बस, पुढचं प्रकरण नागपूर.

मी सुटले म्हणून त्या दिवशी शिरा केला होता. मग सगळा शेजारच्या पोरांना वाटून टाकला.

आम्ही भेटलो नाही असंही नाही. माझ्या मुलाच्या लग्नाला ती आली होती. तोवर मोठी झालेली, जिल्ह्याचे पुढारी तिच्या पाया पडत होते. पंगतीत माझ्याशेजारी बसली, बुंदी मागून घेतली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, सुनेला नाव विचारलं. मी दोनदा म्हणायला गेले, "वच्छे, ते तवाचं..." दोन्ही वेळा कुणी ना कुणी सही मागायला आलं. खरं तर सही देऊन झाल्यावरही बोलता आलं असतं. मी वाढणाऱ्याला हाक मारून तिला आणखी वरण वाढायला सांगितलं.

आता सिनेमाकडे येते. मोठ्या माणसाच्या आयुष्यात एक रिकामी जागा राहिली की सिनेमावाल्यांना तिथं हटकून प्रेम दिसतं. इतकी हुशार मुलगी परीक्षेला का बसली नाही? हेच विचारत दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, सिनेमा लिहिणारी एक तरुण बाई गावात आली. चांगली होती, खादीचा कुर्ता, पायात साध्या चपला, माणसांशी नीट बोलायची. ती उतरली होती सरांच्या घरी. सर जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा मुलगा गावात वजन राखून आहे, पाहुणा आला की त्यांच्याकडेच जातो. मला घ्यायला त्यानं गाडी पाठवली.

त्या घरात मी नोकरीच्या निमित्तानं अनेकदा गेले होते, पोलिओचे डोस घेऊन, कुणाला इंजेक्शन द्यायला. तेव्हा ओसरीपर्यंत. त्या दिवशी मला बैठकीत नेलं, खुर्ची दिली. आणि चहा आणला तो सरांच्या बायकोनं स्वतः. आता तिला सगळे काकू म्हणतात. केस सगळे पांढरे. फुलाफुलांचा चिनी मातीचा कप, पाहुणीच्या हातात होता तसाच, आणि तो तिनं माझ्या हातात दिला. खाली ठेवून सरकवला नाही. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. समोर भिंतीवर सरांचा फोटो होता, चंदनाच्या हाराचा, खिशाला दोन पेनं.

पाहुणीनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सर कसे होते?"

आमच्याकडे मेलेला माणूस एका रात्रीत सोन्याचा होतो. ज्यानं जन्मभर बायकोला बडवलं त्याच्याही तेरवीला आम्ही म्हणतो, माणूस लय मोठ्या मनाचा होता. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण आम्हाला पाठ आहे आणि दूध काढायचंही आम्ही सोडत नाही. त्यातून मी बसले होते त्याच माणसाच्या बैठकीत, त्याच्या फोटोखाली, त्याच्या बायकोच्या हातचा कप धरून. तो कप मला किती वर्षांनी मिळाला होता ते मला माहीत होतं आणि काकूंनाही माहीत होतं. अशा वेळी त्या घरच्या मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं म्हणजे कप जमिनीवर आपटण्यासारखं होतं. ते धाडस करणारी बाई आमच्या गावात एकच जन्मली आणि ती नागपूरला गेली.

"सर लय चांगले होते," मी म्हटलं. "आमच्यावर लय जीव त्यायचा. वच्छीवर तं जास्तच."

"जास्त म्हणजे?" बाईनं विचारलं.

"हुशार होती ना ते. त्यायचं ध्यान राहे तिच्यावर."

बाईचे डोळे चमकले. ती पुढं सरकून बसली. "मग परीक्षा का दिली नाही त्यांनी?"

सरांचा मुलगा माझ्याकडे बघत होता. मी चहाचा घोट घेतला. "ते मले माहीत नाही बाई. घरचीच काही अडचण असंल."

काकू ट्रे घेऊन आत निघून गेल्या. चहा फार गोड होता, मी सगळा प्यायले. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात. मी तर नुसत्या कपावर वाजवली.

गेल्या आठवड्यात सरांच्या मुलानं रिसोडच्या मंगल कार्यालयात मोठा पडदा लावून गावाला फुकट सिनेमा दाखवला. बापावर सिनेमा निघाला, आणखी काय पाहिजे? भर दुपारी खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या होत्या. हडंबे एक दिवस बंद ठेवून लोक जीपांतून गेले. मला पुढच्या रांगेत, काकूंच्या शेजारी खुर्ची होती. आता खुर्ची नेहमीची झाली आहे.

पडद्यावर वच्छी गोरी होती. तिच्या लुगड्याला इस्त्री होती. कापसाच्या शेतात तिला कुठं काही टोचलं नाही, आणि तहान लागली तेव्हा सगळे एकाच माठातून एकाच पेल्यानं पाणी प्यायले. माझ्यामागं बसलेल्या आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका तिथं एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक हळूच म्हणाली, "मंग आपण कोनत्या गावात होतो वं?" कुणी हसलं नाही. सर निबंध वाचतात तोही प्रसंग होता. पडद्यावरचे सर निबंध वाचून रडतात. वहीवर डोकं टेकवून रडतात, आणि तिला आपल्या खिशातलं एक पेन देतात. फॉर्म घेऊन ते स्वतः तिच्या घरी जातात, पण जात आडवी येते, दोन्हीकडचे लोक आडवे येतात, आणि ती त्यांची बदनामी नको म्हणून परीक्षा सोडून निघून जाते. शेवटी एसटीच्या खिडकीतून ती मागं बघते, सर सायकल टाकून धावतात आणि ओरडतात, "लिहीत राहा!" शाळेच्या पोरी ओक्साबोक्शी रडत होत्या. म्हणजे तिनं जे लिहिलं ते सरांमुळे. सातही कादंबऱ्या त्या एका पेनानं लिहिल्या गेल्या, असं ठरलं.

बाकावरची मैत्रीण सिनेमात होती. पहिल्यांदाच मी कुठं तरी होते. गुबगुबीत, हसरी पोरगी, दोघांच्या चिठ्ठ्या पोचवणारी. तिच्या तोंडी एक विनोदी वाक्य होतं आणि त्यावर लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या बाजूच्या बाईनं मला कोपरखळी मारली, "तूच हायेस ना वं ते!"

दिवे लागले. लोक सरांच्या मुलाला भेटायला पुढं धावले. काकू बसूनच राहिल्या. पदराचा शेव बोटाला गुंडाळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कमल, असं होतं का वं त्यायचं? तिच्यावर?"

"नाही काकू. असं काहीच नव्हतं."

"पन तूच सांगतलं ना. माह्यासमोर."

मी खुर्चीखाली चपला शोधायला वाकले. काकू म्हणाल्या, "मले दुसरंच भेव होतं. मी वरून पानी ओतत होती तुमच्या हातावर, ते दाखवतीन म्हणून. सकायपासून छातीत धडधड होती माह्या. नाही दाखवलं त्यायनं." आणि मग अगदी बारीक आवाजात, "दाखवलं असतं तं बरं झालं असतं वं. ते तं खरं होतं."

ज्या बाईनं पाणी ओतलं तिला खरं सांगावंसं वाटत होतं, आणि जिच्या बाह्या भिजल्या ती खोटं बोलून खुर्चीवर बसली होती. मी घरी आले ती तापल्यासारखी. राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मग माणूस करतं तेच मी केलं, ज्याच्यावर काढता येईल असं माणूस शोधलं. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर वच्छीच्या मुलीला, प्रज्ञाला, नागपूरला फोन लावला. ती तिथं कॉलेजात शिकवते, मला मावशी म्हणते.

"प्रज्ञा, पाह्यला तुमचा सिनेमा," मी सुरुवातच तशी केली. "तुह्या मायनं जिंदगीभर त्या शायेवर एक वाक्य लिवलं. एकच. आन तुमी त्याचा तीन घंट्याचा तमाशा केला. गेलेल्या माणसाले कोन विचारते, नाही का? ते जिती असती तं हे होऊ दिलं असतं का तिनं?"

तिच्याकडे कुठं तरी कुकरची शिट्टी झाली.

"मावशी, आई होती तेव्हा," ती म्हणाली. "दवाखान्यातून घरी आणलं होतं. तिनंच परवानगी दिली."

"उगीच काही सांगू नोको."

"ऐका तर. सिनेमावाल्या बाई परीक्षेचं खोदून खोदून विचारायच्या. आई म्हणायची, मी नाही सांगणार. गावात माझी मैत्रीण आहे, कमल. ती होती तिथे. जाऊन तिला विचारा, ती सांगेल ते लिहा. बाई गेल्यावर मी आईला विचारलं, तू का नाही सांगत? तर म्हणाली, मी सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता तिला सांगू दे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चार दिवसांनी बाई परत आल्या. त्यांनी मोबाईलवर तुमचं बोलणं लावलं. सर लय चांगले होते, आमच्यावर लय जीव, सगळं. आईनं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, परत लावा. परत ऐकलं."

"मंग?" मी विचारलं.

"बाई जरा घाबरल्याच होत्या. म्हणाल्या, ताई, हे असंच होतं का? असं लिहिलं तर चालेल तुम्हाला? मला वाटलं आता आई काही तरी तोडून बोलेल. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे."

"काय म्हणली ते?"

"हसली, मावशी. कितीतरी दिवसांनी हसली. आणि तुमच्या गावच्या बोलीत म्हणाली, 'लिवा तसंच. कमल खोटं कायले सांगंल?'"